पंचवीस जीबीच्या तबकडीत नेमके किती मावते: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

संग्रहातील हस्तलिखितांचे स्कॅन आणि ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत प्रकाशीय तबकड्यांवर काढायची, असे आज ठरले. हार्ड डिस्कवर दोन प्रती आहेतच. तिसरी प्रत एकदा लिहिल्यावर चुकूनही पुसली जाणार नाही अशा माध्यमावर असावी, हा त्यामागचा विचार आहे. संग्रहात ५८,२४० फाइली आहेत आणि त्यांचा एकूण आकार संगणक ५७०.३ जीबी दाखवतो. एकेरी थराची ब्लू-रे तबकडी २५ जीबीची असते. ५७०.३ ला २५ ने भागले की २२.८ येतात, म्हणजे २३ तबकड्या पुरतील. दोन खराब निघाल्या तरी अडचण नको म्हणून २५ मागवल्या आहेत.

७ मार्च २०२५

पहिलाच प्रयत्न फसला. पहिल्या तबकडीसाठी २४.६ जीबीचा गठ्ठा तयार केला होता आणि लेखनाच्या प्रोग्रामने तो तबकडीत मावत नाही म्हणून सरळ नाकारला. तबकडीत दोष नव्हता. चूक माझ्या भागाकारात होती. तबकडीवरचा २५ हा आकडा दशमान पद्धतीचा आहे, म्हणजे तिथे एक जीबी म्हणजे १ अब्ज बाइट. माझा संगणक मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणतो. एका मापाने मोजलेले धान्य दुसऱ्या मापाच्या पोत्यात भरायला मी निघालो होतो.

यापुढे सगळा हिशोब फक्त बाइटमध्ये करायचा, असा नियम केला. एकेरी थराच्या ब्लू-रे तबकडीवर प्रत्येकी २,०४८ बाइटांचे १,२२,१९,३९२ सेक्टर, म्हणजे माहिती लिहिण्याचे ठराविक आकाराचे कप्पे, असतात, म्हणजे एकूण २५,०२,५३,१४,८१६ बाइट. संगणकाच्या मापात हे २३.३१ जीबी होतात. संग्रहाचा आकार ६१२.४ अब्ज बाइट आहे, आणि भागाकार २४.४७ येतो. म्हणजे मागवलेल्या पंचवीसच्या पंचवीस तबकड्या लागणार आणि राखीव एकही उरणार नाही.

९ मार्च २०२५

ही चूक झाल्यापासून वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढे जाणे मनाला पटेना. हा आकडा तबकडीच्या भूमितीवरून स्वतः काढता येतो का, ते पाहायचे ठरवले. प्रकल्पाला याची गरज होती असे म्हणता येणार नाही. पण दोन संध्याकाळी त्यात चांगल्या गेल्या. सुरुवात सीडीपासून केली, कारण १९८२ मध्ये बाजारात आलेली ही तबकडी पुढच्या सगळ्यांचा साचा ठरली: १२० मिलिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी आणि आतून बाहेर जाणारा एकच सलग सर्पिल ट्रॅक.

सीडीवर माहिती मध्यापासून २५ मिलिमीटर ते ५८ मिलिमीटर त्रिज्येच्या पट्ट्यात असते. या पट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,६०५ चौरस मिलिमीटर भरते. शेजारच्या दोन वळणांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर आहे. क्षेत्रफळाला या अंतराने भागले की सर्पिलाची लांबी मिळते, आणि ती जवळजवळ ५.४ किलोमीटर येते. लेसरखालून हा ट्रॅक सेकंदाला १.२ मीटर वेगाने सरकत असेल, तर तो संपायला ७४.७ मिनिटे लागतील. सीडीची ७४ मिनिटे एका प्रसिद्ध सिंफनीच्या लांबीवरून ठरली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. तिची शहानिशा करणे हे माझे काम नाही, पण तबकडीचा आकार आणि वेग ठरवला की ही मिनिटे आपोआप ठरतात, एवढे या हिशोबातून दिसते. पुढे आलेल्या ८० मिनिटांच्या सीडीतही निराळी जादू नाही, वळणे १.५ मायक्रोमीटरवर आणली की तोच भागाकार ७९.७ मिनिटे देतो.

मिनिटांवरून बाइट काढणे सोपे आहे. सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात आणि ध्वनीसाठी वापरल्यास प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. तोच सेक्टर संगणकाच्या माहितीसाठी वापरला, तर त्यातले २,०४८ बाइटच आपल्या वाट्याला येतात आणि उरलेली जागा मुख्यतः त्रुटी-दुरुस्तीच्या आणखी एका थराकडे जाते. गाण्यात एखादा नमुना चुकला तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने तो भरून काढता येतो, पण प्रोग्रामच्या फाइलमधला एक बाइट असा अंदाजाने भरता येत नाही. म्हणून ८० मिनिटांच्या त्याच सीडीवर ध्वनीचे ८४.७ कोटी बाइट मावतात आणि फाइलींचे ७३.७ कोटी. ज्याला आपण ‘७०० एमबी’ म्हणतो तो हाच दुसरा आकडा आहे, आणि तोही संगणकाच्या मापात.

१० मार्च २०२५

आजचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रॅकवर लेसरला दिसणाऱ्या सूक्ष्म खाचा, ज्यांना पिट म्हणतात, आणि त्यांच्यामधली सपाट जागा हे आपले शून्य आणि एक नव्हेत. पिट सुरू होतो किंवा संपतो ती कडा म्हणजे एक, आणि दोन कडांमधले अंतर म्हणजे शून्यांची रांग. कडा फार जवळजवळ आल्या तर लेसरचा ठिपका त्यांना वेगळे ओळखू शकत नाही, आणि फार लांब गेल्या तर वाचकयंत्राचा ताल चुकतो. त्यामुळे आपल्या माहितीचे संकेतन अशा रीतीने करावे लागते की दोन कडांमध्ये ठराविक किमान आणि कमाल अंतर राहील. सीडीमध्ये यासाठी ८ बिटांच्या जागी १४ बिट लिहितात आणि मध्ये ३ जोडबिट घालतात, म्हणजे ८ चे १७ होतात. ही पद्धत फिलिप्समधील केस इमिंक यांची आहे.

त्यावर त्रुटी-दुरुस्ती येते. सीडीच्या प्रत्येक चौकटीत माहितीचे २४ बाइट असतात; त्यांना रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेताचे ८ बाइट जोडले जातात आणि नियंत्रणाचा आणखी १ बाइट येतो. हे ३३ बाइट प्रत्येकी १७ बिटांनी लिहिले की ५६१ होतात, आणि चौकटीच्या आरंभाची खूण धरून ५८८. एका सेक्टरमध्ये अशा ९८ चौकटी, म्हणजे ५७,६२४ बिट. त्यातून आपल्या हाती येतात २,०४८ बाइट, म्हणजे १६,३८४ बिट. सीडीवर कोरलेल्या शंभर बिटांपैकी आपली माहिती अवघी २८.४ आहे. उरलेले ७१.६ बिट त्या २८.४ ची राखण करण्यासाठी आहेत. ही उधळपट्टी वाटेल, पण याच राखणीमुळे ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग बिघाडही सीडीचा वाचक पूर्णपणे दुरुस्त करू शकतो.

१२ मार्च २०२५

डीव्हीडीचा हिशोब केला. लेसरच्या ठिपक्याचा व्यास तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो आणि भिंगाच्या न्यूमेरिकल ॲपर्चरच्या प्रमाणात घटतो. हे ॲपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते त्याचे माप. सीडीसाठी ही जोडी ७८० नॅनोमीटर आणि ०.४५ होती, डीव्हीडीसाठी ६५० आणि ०.६० आहे. यावरून ठिपक्याचे क्षेत्रफळ २.५६ पट लहान होते, म्हणजे केवळ प्रकाशाच्या जोरावर सीडीची क्षमता पावणेदोन अब्ज बाइटांच्या आसपास पोहोचली असती. डीव्हीडी मात्र ४.७ अब्जांची आहे.

उरलेली वाढ कुठून आली, ते गुणाकार मांडल्यावर दिसले. डीव्हीडीत वळणांचे अंतर ०.७४ मायक्रोमीटर आहे आणि सर्वांत आखूड पिट ०.४० मायक्रोमीटरचा आहे. सीडीत हे आकडे १.६ आणि ०.८३ होते. म्हणजे बिटांची दाटी जवळजवळ ४.५ पट वाढली. ठिपका लहान झाला त्यापेक्षा ही दाटी कितीतरी जास्त आहे, याचा अर्थ सीडीच्या वेळी ठेवलेली मोकळी जागा इथे आवळून घेतली गेली. दुसरी बचत संकेतनात झाली: ८ चे १७ करण्याऐवजी ८ चे १६, आणि त्रुटी-दुरुस्ती मोठ्या, ३२,७६८ बाइटांच्या ठोकळ्यावर एकत्र. त्यामुळे कोरलेल्या बिटांतील आपला वाटा २८.४ टक्क्यांवरून ४२.३ टक्क्यांवर गेला. सर्पिलाची लांबी ११.८ किलोमीटर, एका बिटाची लांबी ०.१३३ मायक्रोमीटर आणि हा वाटा यांचा मेळ घातला तेव्हा उत्तर ४.६९९ अब्ज बाइट आले. लेखनयोग्य डीव्हीडीचे प्रत्यक्ष आकडे उणे प्रकारात ४,७०,७३,१९,८०८ आणि अधिक प्रकारात ४,७०,०३,७२,९९२ आहेत. कागदावरचे उत्तर इतके जवळ येईल अशी अपेक्षा नव्हती. एक संपूर्ण संध्याकाळ प्रसन्न गेली.

दुहेरी थराच्या डीव्हीडीबाबत एक टिपण. तिची क्षमता ९.४ असायला हवी होती, पण ती ८.५ आहे. पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसरा थर वाचायचा तर संकेत दुबळा होतो आणि थरांची एकमेकांत सरमिसळ होते, म्हणून दोन्ही थरांवर सर्वांत आखूड पिट ०.४० ऐवजी ०.४४ मायक्रोमीटरचा ठेवला गेला.

१५ मार्च २०२५

ब्लू-रेचा हिशोब चुकला, आणि चूक नोंदवून ठेवण्याजोगी आहे. वळणांचे अंतर ०.३२ मायक्रोमीटर, सर्पिल २७.४ किलोमीटर, सर्वांत आखूड खूण ०.१४९ मायक्रोमीटरची. मागच्या दोन्ही तबकड्यांप्रमाणे खुणेच्या लांबीला ३ ने भागून बिटाची लांबी काढली आणि उत्तर आले ३७.५ अब्ज बाइट. एवढी माहिती जर मावत असती तर वेष्टनावर २५ कोणी छापले नसते.

दोष सवयीचा होता. सीडी आणि डीव्हीडीत सर्वांत आखूड पिट तीन बिटांच्या लांबीचा असतो. ब्लू-रेच्या संकेतनात तो दोन बिटांचाच असतो. म्हणजे एका बिटाची लांबी ५० नव्हे तर ७४.५ नॅनोमीटर. दुरुस्त केल्यावर सर्पिलावर सुमारे ३६७ अब्ज बिट बसतात. त्यातला आपला वाटा ५४.५ टक्के आहे, कारण इथे माहितीच्या दोन बिटांसाठी तीनच बिट कोरावे लागतात आणि दुरुस्तीचा ठोकळा ६५,५३६ बाइटांचा आहे. उत्तर आले २५.०२ अब्ज, आणि प्रत्यक्ष आकडा २५.०२५.

डीव्हीडीकडून ब्लू-रेकडे येताना ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर आणि ०.८५ चे भिंग मिळून ठिपका ५.१७ पट लहान झाला, आणि क्षमता ५.३ पट वाढली. म्हणजे या वेळी प्रकाशाने बहुतेक सगळा भार उचलला असे वरवर वाटते. प्रत्यक्षात बिटांची दाटी ४.१ पटच वाढली आणि राहिलेली तूट सुधारलेल्या संकेतनाने भरून काढली.

०.८५ च्या भिंगाची किंमतही मोजावी लागली. तबकडी किंचित तिरकी झाली तर ठिपका फिसकटतो, आणि हा दोष ॲपर्चरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: डीव्हीडीच्या तुलनेत केवळ भिंगामुळे २.८ पट. तो आवरण्यासाठी माहितीच्या थरावरचे पारदर्शक आवरण ०.६ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटरवर आणले गेले. माहिती पृष्ठभागाच्या इतकी जवळ आल्यामुळे ओरखड्यांपासून वाचवणारा कठीण लेप आवश्यक ठरला. ब्लू-रे तबकडी हाताला वेगळी लागते, ती यामुळेच.

१८ मार्च २०२५

पुढची पायरी घ्यावी का, याचा विचार केला. २०१० मध्ये आलेल्या बीडीएक्सएल प्रकारात तीन थरांत १०० जीबी आणि चार थरांत १२८ जीबी मावतात. इथे लेसर आणि भिंग तेच आहेत. तरंगलांबी आणखी घटवली तर तबकडीचे प्लॅस्टिकच प्रकाश शोषू लागते, आणि हवेतून जाणाऱ्या भिंगाचे ॲपर्चर १ च्या पलीकडे जात नाही. म्हणून वाढ थरांतून आणि आणखी आखूड खुणांतून काढली आहे. तीन थरांच्या तबकडीत प्रत्येक थरावर ३३.४ जीबी बसतात, आणि खुणा इतक्या आखूड आहेत की वाचक एकेक कडा ओळखण्याऐवजी शेजारच्या बिटांची मिसळलेली लाट पाहून सर्वांत संभाव्य क्रम ठरवतो.

संग्रह अशा सात तबकड्यांत मावेल, हा मोह मोठा आहे. तरीही नको असे ठरवले. या तबकड्या जुन्या ब्लू-रे यंत्रांत वाचता येत नाहीत, आणि एक तबकडी गेली तर संग्रहाचा सातवा हिस्सा जातो. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २०१४ मध्ये जाहीर केलेली ३०० जीबीची अर्काइव्हल डिस्क, दोन्ही बाजूंना तीन-तीन थर असलेली, ही मोठ्या संग्रहालयांच्या खास यंत्रांसाठी होती. आपल्या मेजावर तिला जागा नाही.

संशोधनातला एक आकडा इथे टिपून ठेवतो. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी नेचर नियतकालिकात शंभर थरांच्या, १.६ पेटाबिट क्षमतेच्या तबकडीची पद्धत मांडली. म्हणजे २०० टेराबाइट. ती दोन किरणांनी चालते: एक लिहितो आणि दुसरा त्याच्या कडा दाबून ठिपका लहान करतो. वाचून मला वेगाचा प्रश्न पडला. ब्लू-रे तिच्या मूळ वेगाच्या १२ पट वेगाने फिरवली तर बाहेरच्या कडेला मिनिटाला सुमारे ९,७०० फेऱ्या होतात, आणि तेव्हा सेकंदाला ५.४ कोटी बाइट मिळतात. त्या वेगाने २०० टेराबाइट वाचायला ४३ दिवस लागतील. क्षमता वाढवताना वाचण्याचा वेग सोबत आला नाही, तर तबकडी भरणे हेच आयुष्यभराचे काम होऊन बसेल.

२२ मार्च २०२५

दुसरी चाचणी केली. २५.०० अब्ज बाइटांचा गठ्ठा, म्हणजे मावायलाच हवा असा, पुन्हा नाकारला गेला. प्रोग्रामने तबकडीची क्षमता २४,२२,००,०८,४४८ बाइट दाखवली. फरक नेमका ८०,५३,०६,३६८ बाइटांचा आहे, म्हणजे संगणकाच्या मापात ७६८ एमबी. लेखनयोग्य ब्लू-रेवर खराब सेक्टरांच्या बदल्यात वापरण्यासाठी राखीव जागा ठेवता येते आणि हा प्रोग्राम ती न विचारता ठेवतो. राखीव जागेसह लिहिताना यंत्र प्रत्येक भाग लगेच वाचून पडताळते, त्यामुळे लेखनाचा वेळही जवळपास दुप्पट होतो.

या राखीव जागेसह २६ तबकड्या लागल्या असत्या. पडताळणी मी शेवटी पूर्ण तबकडी वाचून करणारच आहे, आणि बिघाडासाठी स्वतःची सोय करणार आहे; म्हणून राखीव जागा बंद केली.

फाइलप्रणालीच्या, म्हणजे तबकडीवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेच्या, नोंदींतच बरीच जागा जाईल ही भीती निराधार निघाली. प्रत्येक फाइलचा शेवटचा सेक्टर सरासरी अर्धा रिकामा राहतो आणि यूडीएफ या इथे वापरलेल्या फाइलप्रणालीत फाइलच्या नोंदीसाठी आणखी एक सेक्टर जातो. म्हणजे फाइलमागे सुमारे ३ हजार बाइट, आणि संपूर्ण संग्रहासाठी १८ कोटीही नाहीत.

२९ मार्च २०२५

अंतिम आराखडा ठरवला. प्रत्येक तबकडीवर त्याच तबकडीतील फाइलींसाठी १० टक्के पुनर्रचना-माहिती, म्हणजे बिघडलेला भाग पुन्हा तयार करता येईल अशी जादा माहिती, ठेवायची, तीही रीड-सॉलोमन पद्धतीचीच. यामुळे एकूण आकार ६७३.६ अब्ज बाइट होतो. तबकडी काठोकाठ भरायची नाही, कारण बाहेरच्या कडेला वाचनाच्या चुका अधिक होतात आणि बोटेही तिथेच लागतात. मर्यादा २४.२ अब्ज बाइटांची ठेवली. यामुळे कडेची सुमारे पाऊण मिलिमीटर रुंदीची पट्टी कोरी राहते. भागाकार २७.८, म्हणजे २८ तबकड्या.

राखीव जागा बंद करून ८० कोटी बाइट मिळवले आणि जवळपास तेवढेच कडेला सोडून दिले, हे लिहिताना थोडे हसू आले. पण ती जागा सोडली कुठे आणि कशासाठी, हे आता मी ठरवलेले आहे. आणखी १० तबकड्या मागवल्या. सोनीने फेब्रुवारीत लेखनयोग्य ब्लू-रेचे उत्पादन थांबवले आहे. इतर उत्पादक आहेत, तरी पुढे मागवू म्हणून थांबणे बरे नव्हे.

१२ एप्रिल २०२५

लेखन पूर्ण झाले. चौपट वेगाने प्रत्येक तबकडीला साडेबावीस मिनिटे लागली, आणि पडताळणीला जवळपास तेवढीच. सतराव्या तबकडीवर शेवटच्या दोन टक्क्यांत वाचन अडखळले. पृष्ठभागावर ठसा होता, तो पुसूनही चूक गेली नाही, म्हणून ती बाद करून पुन्हा लिहिली. तिच्यावरच्या फाइली पुनर्रचना-माहितीतून परत मिळतात का, ते आधी तपासले, आणि सर्व मिळाल्या.

एकूण ३५ तबकड्यांपैकी २८ वापरल्या, १ बाद झाली, ६ शिल्लक आहेत. चाचण्यांचे दोन्ही गठ्ठे लेखनापूर्वीच नाकारले गेले असल्याने त्यांत तबकडी वाया गेली नाही. प्रत्येक वेष्टनावर लिहिलेल्या बाइटांची संख्या पूर्ण अंकांत नोंदली आहे, जीबीमध्ये नव्हे. बाद झालेली सतरावी तबकडी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. एप्रिल २०२६ मध्ये बाकीच्यांसोबत ती पुन्हा वाचून चुका वाढल्या का, ते पाहायचे आहे.